मी चालवते तेव्हाच दिवा का लागतो?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नणंदेच्या यजमानांकडून आम्ही त्यांची जुनी गाडी घेतली. काही महिन्यांपासून डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो, आणि गंमत म्हणजे मी चालवते तेव्हाच. नवरा चालवतो तेव्हा सहसा नाही. घरात त्यावरून माझी थट्टा होते, ‘गाडीलासुद्धा कळतं कोण बसलंय.’ ओळखीच्या मेकॅनिकनं दोन-तीनदा दिवा घालवून दिला, तो परत आला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात एअरबॅगचं मॉड्यूल (तिचा छोटा कॉम्प्युटर) बदला, पण तो खर्च झेपणारा नाही. आणखी एक जण म्हणाला, ‘कायमचा बंद करून देतो, पुन्हा दिसणारच नाही.’ नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे, तो म्हणतो मल्टिमीटर घेऊन मीच बघतो. मागच्या सीटवर आमची चार वर्षांची मुलगी असते. मनात अजून एक शंका आहे. या गाडीचा आधी अपघात झाला असेल आणि आम्हाला सांगितलं नसेल तर? पण नात्यात विचारायचं कसं? सीटबेल्ट तर आम्ही लावतोच. दिवा बंद करून घेतला तर असं काय बिघडणार आहे?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: मी चालवते तेव्हाच दिवा लागतो. घरच्यांनी त्याचा विनोद केला, आणि मेकॅनिकला तर बहुधा कुणी ते सांगितलंही नसेल. दोष शोधणाऱ्याला मात्र ही आयती मिळालेली खूण आहे. क्लच कसा सोडला, ब्रेक किती जोरात दाबला, याच्याशी एअरबॅगच्या दिव्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून मी वेगळा प्रश्न विचारेन. नवरा उतरून तुम्ही चालवायला बसता तेव्हा गाडीत काय काय बदलतं?

सीट पुढे येते. स्टिअरिंग कदाचित खाली-वर होतं. आणि शेजारची सीट: तो चालवतो तेव्हा तिथे तुम्ही असता, तुम्ही चालवता तेव्हा ती रिकामी असते नाहीतर तिच्यावर पर्स किंवा मुलीचं दप्तर असतं. नुसत्या पत्रावरून निदान करू नये हे खरं, पण या तीन बदलांमागे तीन संशयित उभे आहेत आणि माझा कौल पहिल्याकडे आहे.

गाडी बंद करून, सीट पूर्ण मागे घेऊन, टॉर्चच्या उजेडात ड्रायव्हरच्या सीटखाली बघा. काळ्या पन्हळी नळीतून आलेला वायरींचा जुडगा आणि टोकाला एक-दोन कनेक्टर दिसतील. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात, लांबून ओळखू यावेत म्हणून. सीटच्या कडेतली साइड एअरबॅग, बेल्टच्या बकलमधला स्विच, काही गाड्यांत धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर, सीट किती पुढे आहे ते कळवणारा सेन्सर, यांपैकी जे जे तुमच्या गाडीत असेल त्याच्या वायरी बहुधा इथूनच जातात. सीट सरकली की जुडगा सरकतो. तुम्ही सीट पुढे घेता, तो मागे घेतो, आणि जुडग्याची रोज ओढाताण होते. त्यात सीटखाली घरंगळलेली बाटली, कोंबलेली छत्री, सफाईच्या वेळी आत घुसवलेली व्हॅक्यूमची नळी, गाडी आतून धुतल्यावर मुरलेलं पाणी. एखादी पिन सैल व्हायला किंवा तिच्यावर हिरवट थर चढायला एवढं पुरे असतं.

एवढ्याशा पिनेचं एवढं काय? प्रत्येक एअरबॅगमध्ये गॅस तयार करणारा इन्फ्लेटर असतो आणि त्याला पेटवणारी एक छोटी ठिणगी-वात, जिला गॅरेजमध्ये स्क्विब म्हणतात. तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, साधारण २ ओहम. गाडी चालू असेपर्यंत एअरबॅगचं मॉड्यूल अगदी क्षीण प्रवाह सोडून हा आकडा तपासत राहतं. कारण धडक सुरू झाल्यापासून बॅग फुगेपर्यंत साधारण ३० ते ५० मिलिसेकंद मिळतात, पापणी लवायला लागतो त्यापेक्षाही कमी वेळ. वायर तुटली आहे हे त्या वेळी कळून काय उपयोग! सैल पिनेमुळे सर्किटमध्ये एखाद-दोन ओहमची भर पडली तरी मॉड्यूल कुरकुर करतं, आणि ते कुरकुर करतं हेच आपल्या भल्याचं आहे.

घरच्या घरी एक चाचणी करता येईल. गाडी उभी, इग्निशन चालू, दिवा विझलेला. तुम्ही सीटवर बसून ती नेहमीप्रमाणे दांडा ओढून पुढे-मागे सरकवा, प्रत्येक जागी थोडं थांबा आणि दिव्याकडे बघा. हात फक्त सीटच्या दांड्याला लागू दे, वायरींना नाही. सीट ठरावीक जागी आली की दिवा लागतो असं दिसलं, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या. तंत्रज्ञासमोर दहा मिनिटं बोलण्यापेक्षा तो एक व्हिडिओ जास्त काम करेल. दिवा लागला नाही तर मात्र वायरिंग निर्दोष आहे असं समजू नका. काही दोष गाडी हादरल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

दुसरा संशयित स्टिअरिंगच्या मागे आहे. चाक फिरत असतानाही ड्रायव्हरची एअरबॅग, हॉर्न आणि चाकावरची बटणं जोडलेली राहावीत म्हणून तिथे एक चपटी केबल गुंडाळून बसवलेली असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. पूर्ण वळण घेताना दिवा लागतो का, हॉर्न मधेच मुका होतो का, आवाजाची बटणं कधी चालतात कधी नाहीत असं होतं का, ते बघा. यातलं काही होत असेल तर आधी तिच्याकडे वळा. कुणी कधी स्टिअरिंग काढून बसवलं होतं का, हेही विचारा. ही केबल मध्यावर न आणता चाक बसवलं, तर पुढच्या एखाद्या पूर्ण वळणाला ती ताणून तुटते.

तिसरा संशयित शेजारच्या सीटमधला, माणूस बसलाय की नाही ते ओळखणारा सेन्सर. इथे एक गोष्ट आधी पक्की करा: लागतो तो दिवा नक्की कुठला? पुष्कळ गाड्यांत ‘पॅसेंजर एअरबॅग बंद’ असा वेगळा दिवा असतो. शेजारची सीट रिकामी असताना तो लागणं हा दोष नाही, तशीच त्याची रचना असते. दोषाचा दिवा म्हणजे समोर फुगा असलेला, बसलेल्या माणसाचं चित्र. त्यावर बोट ठेवून खात्री करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं बोलणं योग्य दिव्याबद्दल होईल.

ज्यांच्याकडे तुमच्यासारखी ‘कोण चालवतं’ ही खूण नाही, त्यांनी दिवा लागेल तेव्हा आसपासचं लिहून ठेवावं: पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का, सीट कव्हर नवीन घातलं का, आदल्या दिवशी बॅटरी उतरली म्हणून दुसऱ्या गाडीवरून चालू केली का. कमजोर बॅटरीमुळेही मॉड्यूल कमी व्होल्टेजची तक्रार नोंदवतं, आणि बॅटरी बदलून कोड (मॉड्यूलनं साठवलेली दोषाची नोंद) खोडला की प्रकरण तिथेच मिटतं.

आता मॉड्यूल. सर्व्हिस सेंटर तुम्हाला फसवतंच आहे असं मी म्हणणार नाही. त्यांनी गाडी बघितली तेव्हा दिवा लागलेला नसेल, कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर फक्त जुनी नोंद दिसली असेल, आणि तासन् तास वायर शोधण्यापेक्षा पार्ट बदलणं त्यांना सोपं वाटलं असेल. पण मॉड्यूल आतून बिघडलं असतं, तर त्यानं तुमच्यात आणि नवऱ्यात फरक केला नसता. मॉड्यूल खरोखर जातं ते बहुतेक ठरावीक कारणांनी. ते पुष्कळदा गिअरजवळच्या कन्सोलखाली, फरशीला धरून बसवलेलं असतं, त्यामुळे कार्पेटखाली पाणी शिरलं की ते खराब होतं. अपघातात एअरबॅग उघडल्या असतील तर त्याची पक्की नोंद त्याच्यात राहते आणि कंपन्या ते बदलायला सांगतात. आणि आतला दोष असेल तर कोडच तसं स्पष्ट सांगतो.

म्हणून त्यांना किमतीआधी कोड विचारा. एअरबॅगचे कोड सहसा ‘बी’ या अक्षरानं सुरू होतात आणि नेमक्या सर्किटचं नाव घेतात: ड्रायव्हरची साइड एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त, किंवा बकल स्विच, सर्किट तुटलेलं, किंवा मॉड्यूलचा अंतर्गत दोष. दोष आत्ता चालू आहे की फक्त जुनी नोंद आहे, हेही स्कॅनरवर वेगळं दिसतं. हे सगळं छापून किंवा फोटो काढून मागा, आणि कोड खोडायच्या आधी मागा. मग विचारा: सीटखालचे कनेक्टर उघडून पाहिले का? मॉड्यूल बदलल्यावर तोच कोड परत आला तर त्याचे पैसे कुणी भरायचे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर त्यांचाच निदानावर किती भरवसा आहे ते समजेल.

तुमच्या मेकॅनिकनं ‘दिवा घालवला’ म्हणजे कोड खोडला. थर्मामीटर झटकला की पारा उतरतो, ताप नाही. त्याहून वाईट म्हणजे काही गाड्यांत कोडसोबत केव्हा काय घडलं याची नोंदही पुसली जाते, आणि पुढचा माणूस पुन्हा शून्यापासून सुरू करतो. इथून पुढे कोड लिहून घेतल्याशिवाय कुणालाही खोडू देऊ नका. मोबाइलला जोडायचे स्वस्त डोंगल बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात. त्यावर ‘दोष नाही’ असं आलं तर त्यांनी एअरबॅगकडे पाहिलेलंच नाही एवढाच अर्थ काढा. एअरबॅगची यंत्रणा वाचणारा स्कॅनर लागतो.

‘कायमचा बंद करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. हे काम कसं करतात ते माहीत असलेलं बरं, कारण जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. कुणी दिव्याचा बल्ब काढतो किंवा त्यावर काळी पट्टी लावतो. कुणी तो दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडतो, म्हणजे तो विझला की हाही विझतो. आणि कुणी एअरबॅग काढून तिच्या जागी २ ओहमचा रेझिस्टर लावतो. मॉड्यूलला हवा तो आकडा मिळतो, ते समाधानानं गप्प बसतं, आणि बॅगेच्या जागी प्रत्यक्षात काही नसतं. बल्ब काढलेला असेल तर ते ओळखणं सोपं आहे. चावी फिरवल्यावर निरोगी यंत्रणेत हा दिवा काही सेकंद लागतो आणि मग विझतो. जो लागतच नाही, तो दिवा बिघडलाय किंवा कुणी बंद केलाय. रेझिस्टरची चलाखी मात्र या चाचणीत पकडली जात नाही. प्रामाणिक तंत्रज्ञही हाच रेझिस्टर वापरतो, पण निदानापुरता: एअरबॅगच्या जागी तो तात्पुरता लावून कोड जातो का पाहायचं. गेला तर दोष बॅगेत, तसाच राहिला तर वायरीत किंवा मॉड्यूलमध्ये.

‘बेल्ट तर लावतोच’ या तुमच्या वाक्यात एक गृहीत लपलंय, की दिवा फक्त फुग्याचा आहे. तो दिवा बेल्टच्या प्रीटेन्शनरचाही आहे. बेल्टचं रीळ यांत्रिक असतं, झटका बसला की ते अडकतं, म्हणून दिवा लागलेला असतानाही बेल्ट तुम्हाला धरून ठेवेल. पण पहिल्याच क्षणी त्याला आवळून तुम्हाला सीटला टेकवण्याचं काम होईल की नाही, हे सांगता येत नाही. काही गाड्या दोष असलेलं सर्किटच तेवढं बाजूला ठेवतात, काही पूर्ण यंत्रणाच बंद करतात. दिवा लागलाय तोवर एअरबॅग नाहीच असं धरून चाला. बॅग वाटेत आपोआप फुटेल ही भीती मात्र सहसा अनाठायी असते. सैल पिनेनं बॅग उघडण्यापेक्षा न उघडण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. तेव्हा गाडी आजच उभी करून टाका असं मी सांगत नाही, पण हे काम महिने लांबवू नका, या आठवड्यात मार्गी लावा. मुलगी तिच्या मापाच्या चाइल्ड सीटमध्ये मागेच राहू दे.

आणि तुमच्या बसण्याबद्दल. सीट बरीच पुढे घ्यावी लागत असेल तर स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर राहतं का ते मोजा. बॅग फुगायला जागा लागते. कमी भरत असेल तर पाठ थोडी मागे झुकवा आणि स्टिअरिंग चेहऱ्याऐवजी छातीकडे रोखेल इतकं खाली घ्या.

आता तुमच्या यजमानांचा मल्टिमीटर. ते म्हणतील की डिजिटल मीटर जेमतेम एखाद मिलिअँपियर सोडतो आणि स्क्विब पेटायला अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो, मग भीती कसली? कागदावर त्यांचं बरोबर आहे. पण मीटर चुकीच्या रेंजवर असेल, जुना काटेवाला असेल, किंवा वायर तपासायला कुणी १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला, तर ते गणित कोलमडतं. कंपन्यांची सक्त मनाई आहे ती याच कारणानं: जोडलेल्या एअरबॅगेच्या किंवा प्रीटेन्शनरच्या सर्किटवर मीटर लावायचा नाही. शिवाय मीटरचं उत्तरही फसवं येऊ शकतं. हे कनेक्टर सोडवले की त्यांच्या आतली एक पत्री दोन्ही पिना आपोआप एकमेकींना जोडते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेनं बॅग उडू नये. ही पत्री माहीत नसलेला हौशी माणूस मीटरवर शून्य बघतो, ‘शॉर्ट सापडला!’ म्हणतो आणि चांगला भाग बदलायला निघतो.

त्यांनी करण्यासारखं काम भरपूर आहे. सीटखाली बघणं, अडकलेलं सामान काढणं, कार्पेट ओलं आहे का ते चाचपणं, बॅटरीचं व्होल्टेज मोजणं (तिथे मीटर खुशाल वापरा), एअरबॅग वाचणारा स्कॅनर मिळाला तर कोड उतरवून घेणं. इग्निशन चालू असताना पिवळा कनेक्टर सोडवू नका. तेवढ्यानं नवा कोड पडतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनरशिवाय जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली म्हणजे लगेच हात घालायला मोकळीक, असंही नाही. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून मॉड्यूलमध्ये चार्ज साठवलेला असतो आणि तो उतरायला वेळ लागतो. काही कंपन्या दीड मिनिट थांबायला सांगतात, काही तीन, काही त्याहून जास्त. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ पाळायचा. कनेक्टर उघडून पिना साफ करणं, त्या घट्ट करणं किंवा बदलणं ही कामं एअरबॅगवर काम केलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. दोष खरंच तिथे असेल तर हे काम मॉड्यूलच्या मानानं किरकोळ आहे.

राहिली अपघाताची शंका. ती कुणाला विचारण्याआधी गाडीला विचारा. समोरच्या दोन्ही बेल्टच्या पट्ट्यांवर, खाली टोकाशी, एक लेबल शिवलेलं असतं आणि त्यावर बहुधा बनवल्याची तारीख असते. मागच्या बेल्टशी ती ताडून पहा. पुढचे बेल्ट गाडीपेक्षा बरेच नवे निघाले, तर ते कधीतरी बदलले गेलेत. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा आणि डॅशबोर्डचा रंग, पोत, कडांची फट जुळते का तेही बघा. आणि बेल्ट बदललेले दिसले म्हणून लगेच फसवणूक झाली असं ठरवू नका. मोठ्या अपघातानंतर बेल्ट बदलणं हेच योग्य काम आहे. काळजी करायची ती अपघाताच्या इतर खुणा आहेत आणि बेल्ट मात्र जुनेच आहेत, अशा गाडीची.

नणंदेच्या यजमानांना ‘अपघात लपवलात का’ असं विचारायची गरजच नाही. ‘एअरबॅगचा दिवा लागतोय, मेकॅनिक जुन्या कामाची माहिती मागतोय, स्टिअरिंग किंवा सीट कधी काढली होती का, सर्व्हिसची बिलं असतील तर पाठवाल का?’ एवढं विचारा, शक्यतो नवऱ्याला फोन करायला सांगा. हा प्रश्न खराच आहे, उत्तर तुम्हाला लागणारच आहे, आणि त्यात कुणावर आरोप नाही. शिवाय सीट फक्त ड्रायक्लीनिंगसाठी काढली होती असं साधं उत्तर येण्याचीही बरीच शक्यता आहे. तसं झालं तर माझ्या पहिल्या संशयिताला आणखी बळ मिळेल.

एक काम मात्र दिव्याशी संबंध नसतानाही करा, आणि ज्यांच्या गाडीत दिवा कधी लागलाच नाही त्यांनीही करा. टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणानं बिघडायचं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ साली कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. त्या गाड्यांत दिवा लागत नव्हता, कारण वायरिंग आणि रेझिस्टन्स ठीकच होता. मॉड्यूलला आतलं रसायन दिसत नाही. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली की असा भाग परत मागवल्याची (रिकॉलची) पत्रं जुन्या मालकाच्या पत्त्यावर जात राहतात. काचेखाली किंवा दाराच्या खांबावर गाडीचा १७ अक्षरी-अंकी चॅसिस क्रमांक असेल. तो कंपनीच्या अधिकृत रिकॉल तपासणीत घालून बघा. काही निघालं तर ते काम कंपनी सहसा विनामूल्य करते, आणि त्याच भेटीत सीटखालचा कनेक्टरही दाखवून घ्या.